नळी काढलेला काटा

या सदरातले किस्से माझी बायको वाचते आणि मी ऐकतो. ऐकतो म्हणजे — हसतो. अमक्याच्या मावशीला विहिरीपाशी कुणी हाक मारली, तमक्याला गाडीच्या आरशात कुणी दिसलं... यातल्या एकानेही साधी दोन मोजमापं लिहून ठेवलेली नसतात. कुठे उभे होतात, उजेड किती होता, कितीदा तपासून पाहिलं — काही नाही. मी सव्वीस वर्षं झाशीत एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीच्या टेस्टिंग विभागात काढली. आमच्याकडे 'मला असं वाटलं' या शब्दांना जागा नव्हती. तुम्ही मला हसलात तर माझी हरकत नाही. फक्त मोजमापं वाचून मग हसा.

आम्ही झाशीतच, नगरा भागात राहतो. शेजारचे तिवारीजी एक जुना डिझेल ट्रक बाळगून आहेत. त्यातून गिट्टी, म्हणजे आपली खडी, गरौठा गावाकडे जाते. ट्रकवर हरचरन नावाचा ड्रायव्हर. पंचावन्नच्या पुढचा, काटकुळा, एकोणीस वर्षं त्याच गाडीवर. होळी होऊन आठवडा झाला असेल, तिवारीजी सकाळी आमच्याकडे आले.

"खांबेटेजी, एक मेहरबानी कीजिए. हरचरन महीने भर से नाटक कर रहा है. कहता है, चलते-चलते ऑइल प्रेशर का काँटा गिर जाता है. दो बार गरौठा के रास्ते से यूँ ही लौट आया. मिस्त्री को कुछ नहीं मिला. आप एक बार नाप दीजिए. झूठा निकला तो छुट्टी."

मला हरचरनची तेव्हाच कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. आता याचं पितळ उघडं पडणार. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा मीटर बघून इंजिनाबद्दल मत बनवणारे लोक माझ्या लेखी तळहात बघून भविष्य सांगणाऱ्यांच्याच पंगतीतले. तो मीटर कधीचा, त्याची स्प्रिंग कशी, नळीत कचरा किती... आणि हे महाशय त्याच्यावर विसंबून भरलेला ट्रक परत आणतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी तिवारीजींच्या अड्ड्यावर गेलो. खडी भरलेला ट्रक सपाट जमिनीवर उभा होता. डिपस्टिक काढून पुसली, परत घालून पाहिली. तेल वरच्या खुणेला, योग्य ग्रेडचं. मग इंजिन वीस मिनिटं चालवून चांगलं गरम केलं. थंड तेल घट्ट असतं, ते प्रेशर खोटंच जास्त दाखवतं. हे निम्म्या मिस्त्रींना ठाऊक नसतं, आणि ज्यांना असतं त्यांना वीस मिनिटं थांबायचा कंटाळा असतो.

आता नीट वाचा. या ट्रकचा मीटर जुन्या पद्धतीचा आहे. विजेवर चालत नाही. इंजिनापासून एक बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत जाते, नळीतलं तेल दाबतं आणि काटा वर चढतो. बस्स. मी इंजिन बंद करून ती नळी इंजिनाकडून सोडवली आणि त्या जागी माझा टेस्ट गेज बसवला. आदल्याच संध्याकाळी त्याचं कॅलिब्रेशन तपासलं होतं. त्याची लांब रबरी नळी इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून केबिनमध्ये घेतली. ट्रकच्या तांब्याच्या नळीचं सुटं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडलं. उघडं. मुद्दाम उघडं, कारण टोक बंद केलं तर आत अडकलेलं तेल तापून फुगतं आणि काटा उगाच हलतो. डॅशबोर्डवरचा काटा शून्यावर पडला. पडायलाच हवा.

हरचरन शेजारी उभा राहून सगळं बघत होता.

इंजिन चालू केलं. माझ्या गेजवर आयडलला, म्हणजे नुसतं चालू ठेवल्यावर, दोन किलो दाब, रेस केल्यावर साडेचार. त्या वयाच्या इंजिनाला याहून चांगलं काय हवं? डॅशबोर्डचा काटा शून्यावर मेलेला. मी हरचरनच्या समोरच तिवारीजींना फोन लावला. "इंजन एकदम ठीक है. ड्राइवर बदल लीजिए."

हरचरन रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साब, खड़े में नईं गिरत. चलत में गिरत है. एक बार चल के देख लो."

मी म्हटलं, चला. खोटेपणा पूर्णच उघडा पाडू. गेज मांडीवर घेऊन त्याच्या बाजूला बसलो.

शहर मागे पडलं. दिवसाढवळ्या, लख्ख ऊन. रस्त्याला हलका चढ होता, ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये ओढत होता. माझा गेज चार किलोवर स्थिर. सहज समोर पाहिलं, तर डॅशबोर्डवरचा काटा वर होता. मधोमध. चारच्या खुणेवर.

माझ्या मनात पहिलं काय आलं? 'भंगार मीटर. धक्क्यांनी उडाला असेल.' मी मोबाइल काढून दोन्ही मीटर एका चौकटीत येतील असा व्हिडिओ सुरू केला, म्हणजे तिवारीजींना दाखवता येईल की तुमचा ड्रायव्हर कशाच्या भरवशावर गाडी चालवतो.

साधारण मिनिटभर दोन्ही काटे चारवर. मग डॅशबोर्डवरचा काटा खाली आला. आदळला नाही, सरकत आला... तीन, दोन, एक, शून्य. माझा चारवरच.

हरचरनने क्षणभरही वाट पाहिली नाही. क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत ट्रक कडेला घेतला.

मी भडकलो. "दिमाग़ ख़राब है? उस मीटर में नली ही नहीं है! किसका प्रेशर दिखाएगा वो? तुम्हारे बाप का?"

हे मी एका माझ्या वयाच्या माणसाला बोललो. लिहिताना लाज वाटते, पण मोजमापं द्यायची तर हेही द्यायला हवं.

तो शांतपणे म्हणाला, "नली तो हमाए सामने निकारी आपने, साब. काँटा फिर भी गिरो."

"गाड़ी चालू करो."

त्याने किल्लीवर हात ठेवला. "आप कै रए तो चालू कर देत. पर आप अपने मीटर पे नज़र राखियो."

इंजिन चालू झालं. मी माझ्या गेजकडे बघत होतो. शून्य. एक सेकंद, दोन, तीन... शून्य. काटा हललासुद्धा नाही.

"बंद कर! बंद कर!" मी मराठीतच ओरडलो. त्याला कळलं.

माझी नळी तुंबली असेल म्हणून ती सोडवली, दोनदा नुसतं स्टार्टर मारून पाहिलं. तेलाचा थेंब आला नाही. डिपस्टिकवर तेल भरपूर. म्हणजे तेल होतं, पण ते वर ढकललं जात नव्हतं. ट्रक दुसऱ्या गाडीने ओढून आणला. मिस्त्रीने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, तर ऑइल पंपाचा शाफ्ट तुटलेला. तुटलेला भाग चकचकीत, ताजा. मिस्त्री म्हणाला, चढावर भरल्या गाडीत आणखी दोन मिनिटं चालला असता तर बेअरिंगं वितळली असती आणि इंजिन भंगारात गेलं असतं.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो. माझा गेज पुन्हा तपासला, अचूक निघाला. ट्रकचा मीटर काढून उघडला. पंपाने हवा भरली की काटा चढतो, सोडली की शून्यावर येतो. स्प्रिंग ठीक. नवा पंप बसल्यावर नळी तशीच उघडी सोडून त्याच रस्त्यावर तीन फेऱ्या मारल्या, मुद्दाम खड्ड्यांतून. काटा शून्यावरून तसूभर हलला नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात काटा चढलेला आणि उतरताना स्वच्छ दिसतो. माझ्या विभागातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. एकाने लिहिलं, "नळी लावलेली असणार, तू विसरलास." दुसऱ्याने हसणारा चेहरा पाठवला. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

आता कुणी तरी लिहील की त्या ट्रकवर आधी कुणी वारलं असेल. नाही. मी चौकशी केली. कुणीही वारलेलं नाही. गाडी पहिल्यापासून तिवारीजींची, आणि तिवारीजी रोज सकाळी आमच्यासमोर दूध आणायला जातात. तेव्हा कृपा करून आत्मे वगैरे पाठवू नका.

ज्या दिवशी चेंबर उतरवलं, त्या दिवशी तिवारीजींनी माझे हात हातात घेतले. "खांबेटेजी, आपने ऐन वक़्त पर पकड़ लिया. इंजन बचा लिया आपने." हरचरन चार हातांवर उभा होता. मी ते श्रेय घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तिवारीजींना सांगितलं की इंजिन मी नाही, हरचरनने बंद केलं; मी तर उलट त्याला शिव्या देत होतो. त्याला काढू नका. तिवारीजींनी ते मानलं. "किस बात पे बंद किया?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र मी म्हणालो, "आवाज़ सुनी होगी."

हरचरन बाहेर चहा पीत होता. त्याने ऐकलं होतं. मी त्याच्याजवळ गेलो, रस्त्यात त्याला बोललो होतो त्याबद्दल माफी मागितली. त्याने मान हलवली आणि विचारलं, "काँटे की बात काए नईं बताई, साब?"

मी म्हटलं, "बिना नली का काँटा चला, ये बोलूँगा तो लोग पागल कहेंगे."

तो ग्लास खाली ठेवत म्हणाला, "हमसें तो महीना भर सें पागल कै रए."

म्हणून त्या काट्याची गोष्ट इथे लिहिली.