दिगूकाकांचं शेवटचं कडवं

दिगूकाकांच्या घरी आंबोळी खाऊन ‘छान झालीय’ म्हटलं, की ते लगेच आत हाक मारायचे, “शैला, बाहेर ये गं, नाव निघालंय तुझं.” पिठाच्या हातांनी काकू बाहेर येईपर्यंत आम्हाला दुसरा घास घ्यायची मुभा नसे. मुंबईत त्यांचा रॉक बँड होता तेव्हाही म्हणे ड्रमवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतल्याशिवाय ते गिटार खाली ठेवत नसत. “नाव न घेता उठलास तर फुकटचं जेवलास,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही सवय जाखडीची. गणपतीत आमच्याकडे पायात चाळ बांधून, गोल फेर धरून जो नाच करतात, त्यात शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि चाल देणाऱ्याचं नाव गातात. त्याशिवाय गाणं संपलं असं कोणी मानत नाही. काकांची आंब्याची कलमं ज्या गावात, तिथले जाखडीचे शाहीर सोनूबुवा. लहानपणी काका त्यांच्याच फेरात नाचले. “रॉक मी मुंबईत शिकलो, पण गाणं संपवायला बुवांकडे शिकलो,” असं ते कोणालाही सांगत.

बँड मोडल्यावर काका रत्नागिरीला येऊन कलमं बघत बसले होते. सत्तरीला टेकल्यावर त्यांना एकट्याने अल्बम काढायची हुक्की आली. माझ्या घरामागे छोटासा स्टुडिओ आहे; एरवी तिथे भजनं आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड होतात. अल्बममधल्या शेवटच्या गाण्याची चाल सोनूबुवांची होती. बुवा स्वतः आले आणि उजव्या पायात चाळ बांधून त्यांनी फरशीवर ठेका धरला. काका गिटार घेऊन गायले आणि रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात त्यांनी बुवांचं नाव घेतलं. जाताना बुवांनी मला हळूच विचारलं, “नाव म्हमईत वाजंल ना ओ?” मी म्हटलं, वाजेल की.

दुसऱ्या दिवशी काका आले ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “ते कडवं काढ.” त्यांच्या तरुणपणी एका समीक्षकाने ‘गणपतीतल्या नाचाला गिटार बांधली आहे’ असं लिहिलं होतं. ते वाक्य त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. “पुसूनच टाक. ठेवलंस तर मी परत घालीन.” मी पुसलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही, कारण मुंबईच्या लोकांनी माझ्या स्टुडिओलाही नावाजावं असं मला वाटत होतं.

आणि मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. मी काकांच्या पडवीत बसून एकेक परीक्षण मोठ्याने वाचून दाखवत होतो. सगळ्यांना आवडला होता तो पावलांचा ठेका. एकाने लिहिलं, ‘हा ताल त्यांना इतक्या वर्षांच्या एकांतात गवसला असावा.’ काका जमिनीकडे बघत राहिले. दुसऱ्याने लिहिलं, ‘शेवटचं गाणं मध्येच तोडल्यासारखं संपतं, आणि तीच त्याची आधुनिकता.’

“तोडल्यासारखं म्हणतोय?” काका म्हणाले. “कान आहेत हो मेल्याला.”

काकू आंबोळ्या घेऊन आल्या. मी छान झाल्यात म्हटलं. काकांनी नुसतंच ताट पुढे ओढलं.

गणपतीत ते म्हणाले, “चल, बुवांना सांगून टाकू. मोबाईलवर कोणी ऐकवायच्या आत.” आम्ही पोचलो तेव्हा भर दुपारी बुवांच्या अंगणात फेर चालला होता. आम्हाला बघून बुवांनी शेवटच्या कडव्यात काकांचं नाव गुंफलं. गाणं संपल्यावर ते शेजाऱ्यांना सांगू लागले, “आमची चाल म्हमईत नेलीन ह्यानं. नाव पन घेतलंन माजं, माज्या समोर. मग आमी नको घ्यायला?” काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बुवांच्या सुनेने त्यांच्या हातात मोदकाची वाटी दिली.

येताना गाडीत ते म्हणाले, “सांगायला तोंड उघडलं आणि मोदक खाऊन आलो रे.” मलाही लाज वाटली. मी तरी कुठे बोललो होतो?

पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता थंडीत काका गेले. सकाळी कलमांना पाणी घालताना बसले ते उठले नाहीत.

शोकसभेला मुंबईहून मंडळी आली होती. एकाने परीक्षणांतले उतारे वाचले, एकांताबद्दलचा तर दोनदा. सोनूबुवा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी ते गाणं लावलं. स्वतःचा ठेका ओळखून बुवांचा उजवा पाय हलायला लागला. ते सुनेच्या कानात काहीतरी बोलले आणि सावरून बसले. नाव येणार होतं.

गाणं संपलं. लोक श्रद्धांजलीसाठी उभे राहिले. बुवा मात्र बसूनच होते, पुढच्या कडव्यासाठी पाय उचललेला.

सभा उठल्यावर ते माझ्याकडे आले. “तुमचं मशीन अडाकलं काय ओ?”

ते कडवं मला तोंडपाठ होतं. आजही आहे.

“होय बुवा,” मी म्हटलं. “अडकलं.”