पापणीचा भरवसा

मेतवल्लीचा डावा डोळा लाल होता. इन्साफ गावाहून निघाली तेव्हा तिचा हा जुना गडी अंड्यांच्या उबवणीच्या दारात उभा राहून डोळा चोळत होता. "धूळ गेली असेल," तो म्हणाला. तिनेही ते मानलं, कारण पोर्ट सैदची गाडी सुटायला आली होती. आता लेकीच्या घरी बाळंतिणीचं गोड पेय, मोगात, ढवळतानाही तिला तो डोळाच दिसत होता.

इन्साफच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या अंडी उबवण्याचा धंदा. मातीच्या घुमटाच्या खोल्या, आत रॉकेलचे मिणमिणते दिवे आणि पेंढ्यावर मांडलेली गावभरची अंडी. ऊब किती, ते हाताला कळत नाही. हात राठ झालेले असतात. म्हणून अंडं मिटलेल्या पापणीला लावायचं आणि पापणी सांगेल तशी वात कमीजास्त करायची. नवी नवरी असताना इन्साफला याचं हसू यायचं. "हस हवं तर," नवरा म्हणायचा, "पण आधी डोळा मीट." उजव्या हातात दिवा, डाव्या हातात अंडं, डावीच पापणी, असं त्याने तिला शिकवलं आणि मेतवल्लीलाही. नवरा वारल्यावर या दोघांनीच धंदा ओढला. त्यापायी इन्साफ लेकीच्या साखरपुड्यातून न जेवता उठली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच परतली.

"या खेपेला अर्ध्यावरून उठलीस ना आई, तर पुन्हा येऊच नकोस," सोहेरने बजावलं होतं. बाळाचा सातव्या दिवसाचा सोहळा होईपर्यंत इन्साफ राहणार होती.

फोन करावा, तर तीही पंचाईत. गेल्या ईदला ती बहिणीकडे गेली होती आणि घडीघडी फोन करत राहिली. परतली तेव्हा मेतवल्लीने उबवणीची किल्ली पुढे धरली. "उम्म सोहेर," सोहेरची आई म्हणून तो तिला असंच हाक मारायचा, "अंडी मी उबवतोय की तुमचा फोन? भरवसा नसेल तर दुसरा माणूस बघा." त्याची समजूत काढताना तिच्या नाकी नऊ आले होते. या वेळी तिने शब्द दिला होता, एकही फोन करणार नाही. आणि नेमकी याच आठवड्यात पिल्लं कवच फोडायच्या बेतात होती.

दुपारी सोहेर न्हायला गेली. बाळ कुरकुरलं म्हणून इन्साफने उचललं आणि सवयीने त्याचा गाल पापणीला लावला.

"सोहेर! अगं, पोर गार पडलंय! दुलई आण!"

सोहेर ओल्या केसांनी धावत आली. तिने बाळाच्या अंगड्यात हात घातला. "गार? घामाने निथळतोय तो! किती गुंडाळलंयस त्याला? आणि स्वतःचे डोळे बघ जरा आरशात. टोमॅटो झालेत नुसते. झोपतेस तरी का?"

इन्साफने बोटं पापणीवर ठेवली. पापणी तापून चुरचुरत होती. डोळे आले होते; मेतवल्लीचेच लागले असणार, धूळ नव्हतीच ती.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तापल्या पापणीला सगळंच गार लागतं. म्हणजे तिकडे मेतवल्ली अंडं उचलत असेल, सुजल्या डोळ्याला लावत असेल, 'गार आहे' म्हणून वात वाढवत असेल. पुन्हा लावेल, पुन्हा गार, पुन्हा वात वर. कामात कसूर करणारा माणूस नव्हे तो. म्हणूनच तर धोका होता. आळशी असता तर निदान दिव्यांना हात लावला नसता.

"काय झालं, आई?"

"मेतवल्ली पिल्लं शिजवतोय."

सोहेरला हसू फुटलं, पण आईचा चेहरा बघून तिथेच विरलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "त्याच्या बायकोला फोन कर ना. नज्ला गुपचूप बघून येईल. त्याला कळणारही नाही."

"नवऱ्यावर बायकोची पाळत ठेवू? गावात तोंड दाखवेल का तो?"

"मग? निघालीस?" सोहेर म्हणाली. "या वेळीही?"

इन्साफने बाळाचं वरचं दुपटं काढलं आणि त्याला लेकीच्या मांडीवर दिलं. मेतवल्लीने किल्ली फेकली तर फेकली. पण कवचाआड चिवचिवणारी ती पिल्लं...

"कुठे जात नाही मी," ती म्हणाली. "दे तो फोन. त्यालाच लावते. शिव्या घालू दे हव्या तेवढ्या."