विमा उतरवलेल्या घरातली भाडेकरीण

माहेरी मला शंकासुर म्हणत. शिमग्यात खेळ्यांबरोबर काळ्या झग्यातलं संकासुराचं सोंग नाचत दारात आलं की भाऊ ओरडायचे, "बघ गो, तुझा सख्खा भाऊ आला!" म्हणोत बापडे. मासेवालीने देवाची शपथ घेतली तरी मी सुरमईचा कल्ला उचलून बघणारी बाई. त्यामुळे कधी फसले नाही, निदान मासळीत तरी.

आमचे हे आगबोटीवर सारंग होते. ते गेले तेव्हा मला मूलबाळ नव्हतं. त्यांच्या कमाईतून घेतलेली दोन कौलारू घरं होती, रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीला लागून. ती भाड्याने दिलेली आणि मी समोरच्या दोन खोल्यांत. एका घरात कचेरीतले दोन कारकून राहायचे. दुसऱ्यात खेडकडची एक बाई, तिची म्हातारी सासू आणि लग्नाला आलेली मुलगी. नवरा मुंबईला गिरणीत. या दोन घरांच्या भाड्यावर माझी चूल पेटायची. घरं गेली असती तर दिराच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि दिराचा स्वभाव मला पुरता ठाऊक होता.

एका उन्हाळ्यात बाजारातली घरांची अख्खी ओळ दुपारच्या दुपारी जळून गेली. झालं, आगीचा विमा उतरवणारे गावात फिरायला लागले. माझ्याकडे दोघे आले.

पहिला मुंबईचा, कोटाच्या खिशाला दोन फाउंटन पेनं लावलेला. घरांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाला, "काकी, इथे सही करा आणि खुशाल झोपा."

मी विचारलं, "घर जळलं तर तुम्ही पैसे देणार. नाही जळलं तर माझ्या हप्त्याचं काय?"

"नाही जळलं तर देवाची कृपा!"

"म्हणजे कृपा देवाची आणि पैसे तुमचे?"

तो हसला. मी नाही हसले. मुलगी बघायला यायचं आणि मुलीकडे न बघताच तिथी काढायची, असल्या माणसाला कोण मुलगी देईल? चहासुद्धा न विचारता मी त्याला वाटेला लावला.

दुसरा गावातलाच, एका वकिलाकडचा जुना कारकून. त्याने मात्र माझा जीव खाल्ला. भिंत चिऱ्याची की मातीची, वर कौल की गवत, शेजारचा गोठा किती पावलांवर, त्यात पेंढा किती, भाडेकरणीची चूल कुठे, कारकुनांकडे स्टोव्ह आहे का! पावलं मोजत मेला न्हाणीपर्यंत जाऊन आला. हा माझ्याच जातकुळीचा, म्हणून मला पटला. तरी कागद पडला इंग्रजीत. तो मी आधी शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि आठवड्याने पोस्टातल्या बाबूकडून, एकाला दुसऱ्याची खबर लागू न देता. दोघांनी एकच अर्थ सांगितला. भिंती, छप्पर, दारं-खिडक्या, सगळं विम्यात येतं. भाडेकरूचं सामान येत नाही. मला सामानाशी काय करायचं होतं? चैत्रात सही करून मोकळी झाले.

वैशाख सरत आला. आमच्याकडे मृग लागायच्या आत पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधतात. माडाच्या झावळ्या विणून केलेले ते झाप नसले तर पावसाच्या माऱ्याने भिंत भिजून फुगते. दरवर्षीप्रमाणे मी गड्याला झाप देऊन पाठवलं, तो तसाच परत आला. म्हणे, खेडची बाई दारात आडवी उभी आहे, झाप लावू देत नाही.

मी तरातरा गेले. "काय गो, माझी भिंत पाडायचीय का तुला?"

"पडू दे," ती म्हणाली. "आम्ही भिजू. पण यंदा झाप नको."

मला पहिला संशय आला तो दिराचा. त्यानेच हिला फूस लावली असणार. घर मोडकळीला आणायचं आणि मग मातीमोलाने घशात घालायचं. दुसरा संशय, हिला भाडं कमी करून हवंय. दोन दिवस मी याच विचारात जळत होते. तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिने कळशी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं.

"काकी, तुम्ही घराचा विमा उतरवलात. आणि आता सुक्या झावळ्या आमच्या भिंतीला बांधताय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगो, मी माझंच घर जाळीन?"

"तुमचं घर कागदात आहे. माझ्या पोरीच्या लग्नाची भांडी, लुगडी, सगळं एका पेटाऱ्यात आहे. तो पेटारा कुठल्या कागदात आहे?"

"चोराच्या मनात चांदणं!" मी चार बायकांदेखत ओरडले आणि निघून आले.

पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. विमेवाल्याकडे जाऊन विचारलं, तिचा पेटारा माझ्या कागदात घालता येईल का? तो म्हणाला, दुसऱ्याचं सामान तुमच्या नावावर चढत नाही. तिचा विमा तिने उतरवायला हवा. मी तिला तसं सांगितलं. "हप्ता कशाने भरू, काकी?" एवढंच म्हणून ती आत गेली. झाप माझ्याच अंगणात पडून राहिले आणि आमचं बोलणं बंद झालं.

त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी शेजारच्या गोठ्यातल्या पेंढ्याने पेट घेतला. कसा, ते कुणालाच कळलं नाही. समुद्रावरचा वारा सुटलेला, ठिणग्या थेट माझ्या कौलांवर यायला लागल्या. कारकून कचेरीत. पाखाडीतली माणसं घागरी घेऊन धावली. मीही धावले, पण माझ्या खोलीत. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, विम्याचा कागद काढला, उलगडून तोच आहे ना बघितला, पदरात गुंडाळला आणि दारात येऊन उभी राहिले. बाजाराच्या आगीत माझं काडीचंही नव्हतं, तरी तेव्हा हात सोलवटेपर्यंत मी पाणी वाहिलं होतं.

समोर ती शिडीवर चढलेली दिसत होती. मुलगी रहाटावर, म्हातारी खालून घागरी देत होती, आणि ही कौलांवर पाणी ओतत होती. तिने पेटारा आधीच बाहेर काढला असेल, असं मला वाटलं. नव्हता काढला. उघड्या दारातून दिसलं, पेटारा आतच होता आणि ती माझं छप्पर भिजवत होती. तेव्हा माझ्या मनात आलं, आज लिहायलाही लाज वाटते, पण आलं: जळलं तर जळो. कागद हातात आहे. नवं घर बांधीन आणि उलट न बोलणारा भाडेकरू ठेवीन.

गोठा जळून खाली बसला. वारा पडला. घर वाचलं.

ती पाखाडी ओलांडून माझ्याकडे आली. पुढचे केस करपलेले, हातांची सालं गेलेली, लुगडं चिंब. ती काय बोलेल ते मी ओळखून होते आणि माझं उत्तर तयार होतं. तिची नजर माझ्या पदरातल्या कागदावर गेली.

"कागद सुखरूप आहे ना, काकी?"

टोमणा असता तर मी तोंडभरून उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता. तिला खरोखरच काळजी वाटत होती.

मग तिने प्यायला पाणी मागितलं. मी आत गेले. सकाळी भरून ठेवलेल्या माझ्या तिन्ही कळश्या तशाच काठोकाठ होत्या.