जाफन्याला टांगा करा

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐकताना घोट तोंडात ठेवू नका. मागं एकाला ठसका लागला आणि सगळा चहा माझ्याच सदऱ्यावर आला. सांगायचं म्हणजे, माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी मोडायला काढलं होतं! वैरानं नव्हे हो, हुशारीनं. वैर परवडलं असतं!

स्वराज्य नुकतंच आलं होतं. मी नगरला हायस्कुलात मास्तर होतो. गाव आमचं काष्टी. आबा, म्हणजे आमचे वडील, तिथं ज्वारी आणि लिंबाची बाग बघायचे. धाकटी बहीण सुमन लग्नाची होती, आणि तिला संगमनेरचं स्थळ सांगून आलं. मुलगा दिनकरराव. नोकरी कुठं? तर लंकेत, कोलंबोला! आमच्याकडचा कांदा तिकडं जायचा, त्या कांद्यामागोमाग एका पेढीवर हाही गेला होता.

आईनं कपाळाला हात लावला. "अवं, त्या लंकेतनं बाई सोडवून आनायला वानरं गोळा करावी लागली हुती, आन तुमी आपल्या हातानं पोरगी धाडताय?"

पण सुमीनं फोटो पाहिला होता. तो फोटो मग देवळीतून नाहीसा झाला तो कुणाला सापडला नाही. आम्ही काय समजायचं ते समजलो.

सुपारी फोडायला बैठक बसली. मुलाचे वडील बाबूराव, पिळदार मिशा, आवाज असा की बोलले की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहावीत. म्हणाले, "पोराला रजा थोडी हाय. आगबोट, रेल्वे करत आला तर निम्मी रजा वाटंतच जाईल. इमानानं येईल. आन नवरदेवाचा येन्याचा खर्च मुलीकडं, ह्यो रिवाजच हाय."

रिवाज होताच. पण तो बैलगाडीच्या काळात पडलेला रिवाज! विमानाला तो कुणी लावला होता?

आबा माझ्या कानाशी आले. "मास्तर, दोन बैलांची किंमत व्हईल की रं! दोन बैल इकून मानूस हवेतनं आनायचा?"

दाराआडून सुमी नुसती बघत होती.  ते डोळे बघून मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आबा, काळजी सोडा. तिकिटाचं माझ्याकडं लागलं."

झालं! माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.

नगरला पोपटशेठ म्हणून एकजण होते. मोटारीच्या टायरांचं दुकान. त्यातच एका कोपऱ्यात मुंबईच्या कुठल्याशा विमान कंपनीची एजन्सी घेऊन बसले होते. स्वतः त्यांनी विमान पाहिलं होतं ते मान वर करून, आम्ही पाहायचो तसंच. त्यांनी दरपत्रक काढलं. "हं, मास्तर! लंकेतनं मद्रास. कोलंबोहून बसवायचं का जाफन्याहून?"

"फरक काय?"

"जाफन्याहून भाडं कमी हाय. लईच कमी."

"विमान?"

"तेच."

"उतरायचं?"

"मद्रासलाच."

"आणि जाफनाही लंकेतच?"

"दोन्ही लंकाच की हो!"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतंत? एक देश, एक विमान, एकाच गावी उतरणं, आणि भाडं मात्र वेगळं! का? पोपटशेठना ठाऊक नव्हतं. पण मला? मला लगेच उमगलं, कारण मी काष्टीचा होतो!

त्याचं असं आहे. तेव्हा एस.टी. नव्हती, खाजगी मोटार होती. नगरहून येणारी मोटार आमच्याकडं दोनदा थांबायची. आधी ओढ्यापाशी, मग गावात पेठेतल्या स्टँडवर. ओढ्यापर्यंत भाडं कमी. मग काय, सगळं काष्टी ओढ्यावरच उतरायचं! मोटार पुढं रिकामी जायची आणि तिच्या मागून धूळ खात आम्ही चालत जायचो, पैसे वाचवल्याच्या आनंदात. मालक चिडला, त्यानं ओढ्याचं भाडं वाढवलं. तर लोक अलीकडच्या वडापाशी उतरायला लागले. जाताना पुन्हा तेच, वडापर्यंत चालायचं आणि मग मोटारीत बसायचं. आमच्यात स्टँडवर चढणारा माणूस एक तर आजारी असायचा, नाहीतर बावळट.

म्हणून मी पोपटशेठना समजावलं. "अहो, कोलंबो म्हणजे पेठेतला स्टँड! तिथं साहेब येणार, बंदराचा गलबला, हापिसं, झेंडे. त्या डामडौलाचा खर्च उतारूंच्या डोक्यावर. आणि जाफना म्हणजे आपला ओढा!"

"आन लांब असलं तर?"

"लंका केवढी हो? लिंबाएवढी! लिंबात लांब लांब म्हणजे किती असणार?"

पोपटशेठ माझ्याकडं आदरानं बघायला लागले. मी जाफन्याचं तिकीट फाडून घेतलं आणि तिकडं धाडून दिलं. आबांना गावी जाऊन सांगितलं, "एक बैल वाचवला." आबांनी गावभर सांगितलं. पारावर माझी विद्वत्ता आठवडाभर पुरली.

पुढं दिनकररावांची तार आली, माझ्या नावानं, शाळेत. 'जाफना फार लांब. काय करू?'

मला हसू आलं! म्हटलं, शहरात राहून पाय नाजूक झाले आहेत. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन ओढ्यापासून चालत येतात. पण होणारे जावई, मान राखायला हवा. मी उलट तार ठोकली, 'टांगा करा. भाडं आम्ही देऊ.'

त्यावर उत्तर आलं नाही. मी समजलो, पटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. संध्याकाळचा गोरज मुहूर्त. संगमनेरचं वऱ्हाड सकाळीच लॉरीतून येऊन धडकलं. नवरदेव मद्रासहून मेलनं दौंडला आणि तिथून दुपारच्या गाडीनं काष्टी स्टेशनवर उतरायचा होता. सनई, ताशा, हलगी सगळं घेऊन आम्ही स्टेशनवर. विमानातून आलेला माणूस दिसतो कसा हे बघायला अर्धा तालुका लोटला होता!

गाडी आली. पहिल्याच डब्यातून कोट घातलेला एकजण उतरला. हलगीवाल्यानं आव बघितला ना ताव, सुरूच केलं. कुणीतरी हार घातला, कुणी गुलाल टाकला. मी पुढं जाऊन बघतो तर बाजाराला आलेला बैलांचा दलाल! त्याला वाटलं, काष्टीच्या बाजारात आपली पत वाढली. हार काढायला तयार होईना!

आणि दिनकरराव? गाडी गेली, धूर गेला, दिनकरराव काही उतरले नाहीत.

आम्ही मांडवात परत येतोय तोच तारवाला आला. तार माझ्या हातात दिली, कारण इंग्रजी वाचणारा मीच. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. आधी मनात वाचायला काय झालं होतं? पण नाही! 'जाफना रात्रभर रेल्वे. विमान चुकलं. पुढचं उशिरा. आगबोटीनं येतो.'

सनईवाल्यानं सनई खाली ठेवली.

बाबूराव उठले. गोठ्यातली जनावरंही उठली. "चुकलं कसं? पोरगा ऱ्हातो कोलंबोत, इमान कोलंबोत. जाफना कुनी काढलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. आईनं बघितलं. आचाऱ्यानं झारा हातात धरून बघितलं. मी म्हणालो, "भाडं जरा... कमी होतं."

"कमी हुतं? माझ्या पोराला सवंगात आनाया निघालावता व्हय? न्हाई करायचं ह्या घरात लगीन! लॉरी जोडा रं!"

काय सांगू! आबांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं, ते मला बघवेना. दोन्हीकडची माणसं एकदम बोलत होती, संगमनेरच्या बायकांनी गाठोडी बांधायला घेतली. आणि माझ्या मनात एकच, सुमीला तोंड कसं दाखवू?

तर सुमीच बाहेर आली. अंगाला हळद, मुंडावळ्या बांधलेल्या. नवरी अशी मांडवात येत नाही, पण ती आली. सासऱ्यांसमोर खाली मान घालून, पण आवाज असा की बाबूरावांच्या तोडीस तोड.

"मामंजी, चूक माझ्या दादाची. त्येला काय बोलायचं त्ये बोला, मी पन बोलनार हाय. पन ज्यो मानूस रातभर रेल्वेनं गेला, इमान चुकलं तरी घरी न्हाई बसला, दर्या वलांडून यायला निघाला, त्येला लगीन करायचं हाय की! त्यो हिकडं येनार, आन तुमी कुटं चालला?"

बाबूरावांनी मिशीवरचा हात खाली घेतला. लॉरीवाल्याला म्हणाले, "थांब रं. चाकं निवू दे."

मग भटजींनी पुढचा मुहूर्त काढला आणि वऱ्हाड मुक्कामाला राहिलं. साखर कंट्रोलची, कार्डावर मोजून मिळायची, ती पहिल्याच पंगतीला संपलेली. गुळावर भागवलं. पाहुणे बसून होते, त्यांना दुसरा उद्योग काय? खायचे, माझ्याकडं बघायचे आणि पुन्हा खायचे. आबा रोज पंगत उठली की एवढंच म्हणायचे, "मास्तरनं इमानात वाचवलं, त्ये पंगतीत सांडलं." वाचवलेला बैल गेलाच, वर आणखी एक बाजारात विकावा लागला.

शेवटी एकदाचे दिनकरराव उतरले! हलगीवाल्यानं या खेपेला आधी नाव विचारून घेतलं. डोळे खोल गेलेले, बोटीवर पोटातलं सगळं समुद्राला देऊन आलेले. मला वाटलं, आता मारणार. पण माणूस गुणी. शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमची तार मिळाली. मला वाटलं, सासरचा शब्द मोडायचा कसा? टांगेवाल्याला विचारलं, जाफन्याला येतोस का? तो खाली उतरला, घोड्याला म्हणाला, बघ रे, तुला विचारतायत!"

मी हळूच विचारलं, "पण भाडं कमी का होतं मग?"

त्यांनी सुपातलं एक लिंबू उचललं आणि ओसरीवर ठेवलं. वरच्या अंगाला, जरा दूर, तांब्या ठेवला. "हे मद्रास. ही लंका. लिंबाचं हे वरचं टोक, मद्रासकडचं, ते जाफना. चिंचोळा समुद्र ओलांडला की आलंच. कोलंबो इकडं, पार खाली. काष्टीहून मुंबईला जाऊन निम्म्या वाटेपर्यंत परत यावं, एवढं अंतर दोघांत. जेवढं उडायचं, तेवढं भाडं. दुसरं काय?"

दुसरं काय! साहेब, झेंडे, डामडौल, सगळी कारणं मी शोधली होती. अंतर तेवढं सोडून!

अक्षता पडल्या. आई रडली, आबांनी पागोटं पुन्हा बांधलं, मी कोपरा धरून बसलो. आणि मग बायकांनी सुमीला नाव घ्यायला लावलं. ती म्हणाली होतीच ना, मी पन बोलनार हाय? सगळा मांडव कान टवकारून. सुमीनं घास दिनकररावांसमोर धरला, डोळे मात्र माझ्याकडं, आणि खणखणीत उखाणा घेतला:

"लंकेत जाफना, काष्टीत ओढा,
दिनकररावांचं नाव घेते, मास्तर, भूगोल शिकवनं सोडा!"

हो हो, भूगोल! मघापासून मी तो विषय तेवढा खुबीनं टाळत होतो. नगरच्या हायस्कुलात चार वर्गांना भूगोल शिकवायचो मी!

मांडव असा हसला की बाबूरावांच्या मिशासुद्धा उसकटल्या. तो उखाणा माझ्याआधी नगरला पोचला. सुट्टी संपवून शाळेत गेलो तर हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. माझ्याकडचा भूगोल काढला आणि इतिहास दिला.

म्हणाले, "बसा, मास्तर. इतिहासात काय, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुम्हाला बिघडवता यायचं नाही."