तपासणीच्या दिवशी घरी ठेवलेली मुलगी

आमच्या घरात सही करणारा मी पहिला, आणि उमरठच्या बाजूच्या त्या सगळ्या वाड्यांत बी.ए. झालेला तर मी एकटाच. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पुण्याहून पदवी घेऊन आलो तेव्हा नोकरी नव्हती. त्याच सुमारास आमच्या वाडीचे मास्तर हिवतापानं अंथरुणाला खिळले आणि लोकल बोर्डानं मला बदलीवर घेतलं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. इयत्ता चार, मास्तर एक. मला वाटलं, कॉलेजचं गणित केलेल्या माणसाला चौथीचं काय अवघड?

त्या वेळी गणित म्हणजे पाढे. एकानं सांगायचे, बाकीच्यांनी मागून ओरडायचे. पावकी, निमकी, थेट साडेतिनाच्या औटकीपर्यंत. चौथीत एक अकरा वर्षांची मुलगी होती. सगळ्यांबरोबर तिचे ओठ बिनचूक हलायचे, पण एकटीला उभी केली की गप्प. मला वाटलं हट्टी आहे. मी तिच्या हातावर छड्या मारल्या. तीन दिवस मारल्या.

चौथ्या दिवशी तिची आई आली. नवरा मुंबईला गिरणीत, शेत ही एकटी बघायची. पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तिला कानानं आयकू येत नाय. देवी आल्या व्हत्या तवापासून."

मी विचारलं, मग नाव घालताना का नाही सांगितलंत?

"सांगितला असता तर घेतली असती काय शालेत?"

मग तिनं सगळं सांगितलं. महाडला पोरीचा मामा होता. पोर चौथी पास झाली तर तो तिला ठेवून घेणार होता, पुढं शिकवणार होता. नापास झाली तर बाप तिला मुंबईला नेणार. तिथं गावच्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत आठ-दहा गडी राहायचे, त्यांना भाकऱ्या थापायला बाई हवी होती.

भाताची झोडणी चालली होती. एका संध्याकाळी त्यांच्या खळ्यावरून जात होतो, तर ही पोर पायलीनं भात मापत होती. आमच्याकडे पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, आणि प्रत्येक मापामागं एक चिमूट भात बाजूला ठेवतात, मोजणी चुकू नये म्हणून. तिनं 'लाभ' कधी ऐकलाच नसणार. पण चिमटी मात्र एकही चुकत नव्हती. पाच-पाच चिमटींच्या रांगा लावून ती नुसत्या नजरेनं बेरीज करत होती. मी तिथंच बसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत टोपलीभर भात नेलं. ज्यांना कानानं येतं त्यांनी ओसरीवर पाढे म्हणायचे, ज्यांना हातानं येतं त्यांनी भात मांडायचं, आणि जे पुढं गेलेले त्यांना पाटीवर हिशेब. वाडीत चेष्टा झाली. शेजारचे काका येताजाता विचारायचे, "काय रे बी.ए., शालेचा खला केलास? मलनी कधी घालनार?" पण महिन्याभरात औटकी घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मी एका पोत्यात साडेतीन पायल्या, तर चार पोत्यांत किती म्हणून विचारलं, तर तो पाढा पहिल्यापासून म्हणू लागला. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, बारा चिमटी मांडल्या, चार अर्ध्या जोडून दोन केल्या, आणि पाटीवर चौदा लिहिले.

तपासणीचा दिवस ठरला; त्याच दिवशी शाळा तपासणारे डेप्युटी साहेब चौथीची परीक्षा घेऊन पास-नापास ठरवायचे. जुन्या मास्तरांनी अंथरुणातून निरोप धाडला की कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवा. सगळेच मास्तर तसं करायचे. ती कच्ची नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण डेप्युटी साहेब तोंडी हिशेब घालणार, हिला ऐकू येणार नाही, परक्या माणसाचे ओठही कळणार नाहीत, ही नुसती उभी राहणार, आणि माझ्या पहिल्याच शेऱ्यात 'मुलांची तयारी नाही' असं येणार. बी.ए.च्या शाळेला! आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो आणि आईला म्हटलं, उद्या हिला पाठवू नका.

"पास तर हुईल ना ती?"

मी म्हटलं, बघू, पुढं काहीतरी करू. पोर आईच्या मागं उभी होती. माझ्या ओठांकडे बघत होती.

तपासणी छान झाली. जाताना साहेबांना कोपऱ्यातली टोपली दिसली. "हे काय?" म्हणाले. मी चाचरत सांगितलं. मला वाटलं हसतील. ते खाली वाकले, भात हातात घेतलं आणि म्हणाले, "वा. यावर शिकलेलं एखादं मूल दाखवा बघू."

तिचं घर दोन शेतांपलीकडे होतं. हाक मारायला पोर धाडलं असतं तरी झालं असतं. पण मग ती घरी का, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, एक मुलगी आहे, पण आज नाही आली. साहेब 'बरं' म्हणाले आणि पोलादपूरच्या वाटेला लागले.

गैरहजर म्हणजे नापास. आठ दिवसांनी मी साहेबांना अर्ज लिहिला की मुलगी आजारी होती, तिची परीक्षा वेगळी घ्यावी. आजारी नव्हती. उत्तर यायला दोन महिने लागले. ते घेऊन मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात शेणी थापत होती. मी कागद वाचून दाखवला, की आजारी मुलीला पुढच्या वर्षी बसता येईल.

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "पुढल्या वर्साला ती हितं कुठं हाय, मास्तर? बापानं नेली तिला परवा."