स्वयंपाकघरातला फणस

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या पावसाळ्यात, लोणावळ्यात, माझ्या मावशीच्या यजमानांनी नव्या स्वयंपाकघराच्या मधोमध फणसाचं रोप लावलं. नियम पाळण्यात त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या मावळात नव्हता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. घाटातल्या मालगाड्यांवर गार्डाची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. रात्री सायकलला दिवा हवा, असा नियम. म्हणून पंक्चर झालेली सायकल हातानं ढकलत आणतानाही ते दिवा पेटवत. मळवलीचा फाटकवाला एकदा फाटक उघडायचं विसरून जेवायला बसला. लोक खालून वाकून निघून गेले. काका उन्हात उभे राहिले आणि त्याचं जेवण उरकल्यावर घरी आले. मावशी म्हणाली, "तुमचं लग्न त्या फाटकाशीच व्हायला हवं होतं."

मावशीचं स्वयंपाकघर अंधारं, धुरकट. ते वाढवायचं तर मागचा फणस आड येत होता. म्युनिसिपालटीनं तो तोडायला परवानगी दिली. अट एकच : त्याच जागी नवं झाड लावायचं आणि दोन पावसाळे जगवून दाखवायचं. फणस मुळासकट निघाला, भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. मग काकांनी गवंड्याला फरशीत हातभर चौकोन मोकळा ठेवायला सांगितला.

झाडं तपासणारा मुकादम टाकव्याचा. तो चौकोनाकडं बघतच राहिला.

"काका, कुंपनाला लावा की! हितं कोन बघायला येतंय?"

"तू येणार ना?"

"आवो, मीच सांगतोय न्हवं!"

"तू सांगतोयस. अट कमिटीनं घातलीय."

धुरानं रोप पिवळं पडलं, तेव्हा काकांनी वरची चार कौलं काढली. उजेड आला, पाठोपाठ पाऊस आला. मावशी डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या थापू लागली. पानावर आमटी वाढताना ती पाहुण्यांना आधीच सांगे, "यात पाणी मी घातलेलं नाही."

दुसरा पावसाळा सरला. फणस वाशांना टेकला होता. मुकादम म्हणाला, "जगलं बगा! सुटला तुमी." तो फाटकाबाहेर पडायच्या आत मावशीनं कोयता काढला.

"तोडायला परवानगी लागेल," काका म्हणाले. "आणि मिळाली, तर अट तीच."

मावशीनं कोयता खाली ठेवला. "सगळा संसार धुरात केला," ती म्हणाली. "आता पावसात करतेय. मला एक कोरडी, उजेडातली चूल हवी होती. एवढंच."

 दुसऱ्या दिवशी काका शिडी लावून वर चढले आणि नव्या स्वयंपाकघराची कौलं उतरवू लागले. आपलं स्वयंपाकघर पाडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. घरात भरपूर उजेडाची खोली एकच होती, ती पुढची. तिच्या खिडकीतून रेल्वे दिसे, आणि निवृत्तीपासून काकांची आरामखुर्ची त्या खिडकीशी असे. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून मागं फणसाखाली नेली. खुर्चीच्या जागी चूल घातली.

मागून रूळ दिसत नसत. गाडी आली, की मावशी फुंकणी बाजूला ठेवून आतून ओरडे, "मालगाडी गेली हो! दोन इंजिनांची!"

"गार्ड उभा होता का?"

"होता, होता. हिरवं निशाण होतं हातात."

काका जाऊन दोन वर्षं झाली. पाहुण्यांना अजून चुलीसमोरूनच घरात शिरावं लागतं. पुढची खोली परत बैठकीची करून देतो, असं परवा गवंडी म्हणाला. मावशीनं नको म्हणून सांगितलं.