फोरमनमामांचं दुखणं

फोरमनमामांना बोट लावल्याशिवाय काही खरंच वाटायचं नाही. दोडका असो की माझा नवा लॅपटॉप, कडेवरून अंगठा फिरवून निकाल द्यायचे. सारा जन्म गिंडीच्या कारखान्यात लेथवर गेलेला. मी सिरुसेरीच्या आयटी कंपनीतल्या नोकरीसाठी आले आणि त्यांच्या माडीवर भाडेकरू झाले. "कन्ना, अस्कं कळतं या बोटाला," ते म्हणायचे. कन्ना म्हणजे बाळा, अस्कं म्हणजे सगळं. त्यांची मराठी तंजावरची.

हे मामा जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. प्लेट बसवायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की खांद्याजवळ नसांभोवती औषध सोडू, हात काही तास बधिर राहील, ऑपरेशननंतरही दुखणार नाही. बधिर म्हटल्यावर मामा ताडकन उठून बसले.

"बोटं परत नाही आली तर?" ते इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"बहुतेक सगळ्यांची येतात. क्वचित कुणाला काही दिवस मुंग्या राहतात."

"वायर कापणार नाही ना, अम्मा?"

"नाही. थोडा वेळ करंट बंद, एवढंच."

ही भाषा त्यांना पटली.

ऑपरेशननंतर हात झोळीत निपचित पडला होता. मामा डाव्या हाताने तो सारखा चाचपायचे. "हा माझा वाटत नाही गं," म्हणायचे. बधिरपणा उतरण्याआधीच गोळी घ्या, नाहीतर दुखणं एकदम अंगावर येईल, असं नर्सने बजावलं होतं. मी गोळी आणि पाणी त्यांच्यापुढे ठेवून कॉफी आणायला गेले.

परतले तर मामांचे डोळे घळाघळा वाहत होते, आणि गोळी तशीच उशीखाली!

"घेतली का नाही?"

"पहिली कळ चुकली असती, कन्ना."

मी संतापून नर्सला हाक मारली. तोवर मामा शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी गृहस्थांना रडत रडत, हसत सांगत होते, "वलिक्किदु सार, वलिक्किदु!" दुखतंय, साहेब, दुखतंय!

गेल्या वर्षी मामा वारले. मी सगळ्यांना फोन केले, धावपळ केली, पण डोळ्यांत टिपूस नाही. माझं मलाच भय वाटायला लागलं होतं. तीन आठवड्यांनी ऑफिसला निघताना त्यांच्या दाराला कुलूप दिसलं, आणि मी तिथंच पायरीवर बसून हमसाहमशी रडले. ऑफिसची बस चुकली. मला फार हायसं वाटलं.